चित्र काढून काय होणार आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. मी भिंती रंगवते, मोर्च्यासाठी कापडी फलक करून देते, आणि दरवेळी कोणीतरी बाजूला उभं राहून विचारतंच की ताई, चित्र काढून काय होणार आहे? परवाही एकाने विचारलं, तेव्हा हात रंगात होते, नीट बोलता आलं नाही.

आधी कबूल करते, चित्राने बॉम्ब थांबत नाही. २६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या गेर्निकावर जर्मन आणि इटालियन विमानांनी बॉम्ब टाकले, पिकासोने काही आठवड्यांत जवळपास पावणेआठ मीटर रुंदीचं ते चित्र पूर्ण केलं, जगाने पाहिलं, आणि तरी तिथलं यादवी युद्ध जिंकला फ्रँकोच, ज्या लष्करशहाच्या मदतीला ती विमानं आली होती तोच. पण २००३ मध्ये इराकवरच्या हल्ल्याची चर्चा चालू होती ना, तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघात सुरक्षा परिषदेबाहेर टांगलेल्या त्याच चित्राच्या विणलेल्या प्रतीवर निळा पडदा टाकला होता. टीव्ही कॅमेऱ्यांसाठी साधी पार्श्वभूमी हवी होती असं सांगितलं गेलं. असेल तसंही. मला मात्र तो पडदा विसरता येत नाही.

पण मला खरं जवळचं वाटतं ते चिलीतल्या बायकांचं शिवणकाम. १९७३ च्या सप्टेंबरात पिनोशेने लष्कराच्या जोरावर सत्ता घेतली आणि माणसं गायब व्हायला लागली, घरातून उचलून न्यायचे आणि चौकशीला गेलं की सांगायचे, या नावाचा कोणी आमच्याकडे नाही. मग सँटियागोत चर्चच्या आधाराने त्यांच्या आया, बायका, बहिणी एकत्र बसून गोणपाटावर चिंध्या जोडून चित्रं शिवायला लागल्या. त्याला आर्पियेरा म्हणतात, मूळ शब्दाचा अर्थच गोणपाट. काही जणींनी तर गायब झालेल्या माणसाचेच कपडे वापरले. म्हणजे बघा, ज्या शर्टाला अजून त्याचा वास असेल, जो तो परत आल्यावर घालेल म्हणून घडी करून ठेवलाय, त्यालाच कात्री लावायची. लांबून ते कापड अगदी आनंदी दिसतं, वर डोंगर, पिवळा सूर्य, रंगीबेरंगी घरं, आणि जवळ गेलं की कळतं, त्या इवल्या बाहुल्या हातात फलक धरून विचारतायत, ते कुठे आहेत? काहींच्या पाठीला छोटा खिसा असायचा, त्यात हाताने लिहिलेली चिठ्ठी. ही कापडं गुपचूप देशाबाहेर जायची, विकली जायची, त्यातून घरात चार पैसे यायचे.

पिनोशे काही टाक्यांनी गेला नाही, १९८८ च्या मतदानात लोकांनी त्याला नाकारलं. पण सरकार म्हणत होतं की अशी माणसंच नव्हती, आणि या बायका त्यांच्याच शर्टाचा तुकडा पुढे करत होत्या. मला वाटतं कलेचं काम हेच आहे, झालं ते झालंच नाही असं कोणाला म्हणू द्यायचं नाही. स्पॅनिश चित्रकार गोयाने दोनशे वर्षांपूर्वी युद्धातल्या कत्तलीची चित्रमालिका तांब्याच्या पत्र्यांवर कोरली आणि एका चित्राखाली लिहिलं, मी हे पाहिलं. ती मालिका त्याच्या हयातीत प्रसिद्धच झाली नाही, १८६३ मध्ये निघाली, तो जाऊन ३५ वर्षं झाल्यावर. तरी त्याने कोरली.

म्हणूनच नुसती घोषणा मोठ्या अक्षरात लिहून मुठी काढल्या की मला ते अपुरं वाटतं, कोणाची मूठ, कुठला हात, काहीच कळत नाही.

एकदा कारखान्यातल्या आगीत गेलेल्या कामगारांचे चेहरे आम्ही एका भिंतीवर काढले होते. रंगवताना एका मुलाची आई रोज यायची, गप्प बसायची, चौथ्या दिवशी म्हणाली, त्याचा डावा कान जरा बाहेर आलेला होता गं. मी दुरुस्त केला. आठवड्याभरात रातोरात कोणीतरी सगळ्यावर चुना फिरवला. सकाळी गेलो तर चुन्याचा एकच हात दिलेला, वाळल्यावर खालच्या काळ्या रेघा वर यायला लागल्या होत्या, डोळे, हनुवट्या. तिने बोट फिरवून फिरवून तो कान शोधून काढला आणि म्हणाली, परत काढ.

परत काढलं. यावेळी कान तिने स्वतः रंगवला.