तिसऱ्या सिलिंडरचे आटे

रविवारी गॅरेजचा फोन घ्यायचा नाही, असं आमच्या घरी ठरलेलं आहे. तरी त्या रविवारी सकाळी नऊला मी फोन घेतला, कारण वर्तकनगरचे काका उगाच फोन करणाऱ्यातले नाहीत.

"भाऊ, गाडीचे प्लग बदलायला घेतलेत. तिसरा दीड फेरा गेला आणि अडला. मी हात काढून घेतलाय. जमेल तेव्हा येऊन बघा."

बावीस वर्षं मी ठाण्यात गाड्यांचं काम करतोय. घरी स्पार्क प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून इंधन पेटवणारे प्लग, बदलायला बसलेल्यांचे फोन मला वर्षाला पाच-सात तरी येतात, आणि सगळे मोडून झाल्यावर येतात. पांढरी चिनीमाती तुटून अर्धा प्लग हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणात, राहिलेला असतो, नाहीतर गाडी तीन सिलिंडरवर थरथरत असते. अडला म्हणून थांबलो, असं सांगणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. मी चहा टाकून निघालो.

काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टर्नर होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांनी जुन्या साडीवर सगळं मांडून ठेवलं होतं. प्लगला वीज देणाऱ्या कॉइलवर स्केचपेनने १ ते ४ आकडे घातलेले. पुठ्ठ्याला चार भोकं पाडून जुने प्लग त्याच क्रमाने उभे केलेले. प्लगच्या खड्ड्यांमधली धूळ ते सोडवण्याआधीच सायकलच्या पंपाने उडवलेली. इंजिन आदल्या संध्याकाळपासून बंद. हे शेवटचं फार कमी लोक पाळतात. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आणि गरम असताना प्लग ओढला तर तो आटे सोबत घेऊन येतो.

पण मला खरं कौतुक वाटलं ते वीतभर रबरी नळीचं. नवा प्लग त्यांनी पान्याने नाही, तर या नळीच्या तोंडात खोचून खाली सोडला होता आणि नळी बोटांनी फिरवली होती. प्लग सरळ लागला तर नळीबरोबर फिरत आत जातो. तिरका लागला की नळी प्लगच्या डोक्यावर नुसती सरकते, जोर पोहोचतच नाही. ही युक्ती जुनी आहे, पण माझ्याकडच्या पोरांना ती मी दहादा दाखवूनही ती वापरत नाहीत. पान्याच्या लांब दांड्याला, एक्स्टेन्शनला, प्लग लावला की मनगटात ताकद येते, आणि ताकद आली की आटे कळत नाहीत.

काकांची गाडी बारा वर्षांची, पेट्रोलवर आणि सीएनजीवर चालणारी. सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून थकलेला प्लग पेट्रोलवर खपून जातो आणि गॅसवर लगेच झटके देतो. काकांनाही घोडबंदर रोडच्या चढावर ते जाणवायला लागलं होतं. त्यांचं निदान बरोबर होतं. प्लगांची टोकं गोल झाली होती आणि त्यांच्यातली गॅप वाढली होती.

मी चारही जुने प्लग एकामागून एक उन्हात धरले. काकांनी तिसऱ्याच्या पांढऱ्या भागावरचं तपकिरी वलय दाखवून विचारलं, की इथून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळत होतं का? नाही. ते जास्त व्होल्टेजमुळे भोवतालच्या हवेतले तेलाचे कण चिकटून बनतं, आणि त्याने काही बिघडत नाही. कित्येक मेकॅनिक ते वलय दाखवून गिऱ्हाइकाला घाबरवतात आणि कॉइलचा सेट विकतात. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो.

दोष खाली होता. तिसऱ्या प्लगच्या आट्यांत चंदेरी कीस चिकटला होता, म्हणजे हेडचं ॲल्युमिनियम. आणि वायसर. नव्या प्लगचा वायसर आतून पोकळ असतो, तो थोडासा दबून बसावा म्हणून. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्याचा अर्धा दबला होता. तिसऱ्याचा पत्र्यासारखा सपाट झाला होता. १४ मिमीच्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आवळायला २५ ते ३० न्यूटन-मीटर जोर पुरतो. हा जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर हाताने टेकेपर्यंत फिरवायचा आणि नवा वायसर असेल तर त्यानंतर आणखी अर्धा फेरा, फार तर दोन-तृतीयांश. हा प्लग याच्या दुपटीने तरी आवळला असावा, आणि तोही तिरका. म्हणजे आटे काकांनी मारले नव्हते. ते मागच्या वेळीच मेले होते. काकांनी जुना प्लग सोडवला तेव्हा ते फक्त बाहेर आले.

"मागचे प्लग कुठे बदलले होते?" मी विचारलं.

काका काही न बोलता वर घरी गेले आणि प्लास्टिकची फाइल घेऊन आले. बिलावर माझा शिक्का होता. तीन वर्षांपूर्वीचा, गणपतीच्या आधीचा शनिवार.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अंदाज होता. म्हणूनच तुम्हाला बोलावलं. ज्याने लावला त्यालाच सोडवू दे."

आवाज चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

गाडी टो करून गॅरेजला आणली, कारण तिसरा प्लग नसताना इंजिन सुरू करायचं नव्हतं. आट्यांचा भाग १९ मिमी लांब आणि दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी, म्हणजे जेमतेम पंधरा आटे असतात. कॅमेरा घालून बघितलं तर वरचे पाच-सहा पार गेले होते. टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, नुसता फिरवून उरलेले सरळ करता आले असते, पण त्या उरलेल्या आट्यांवर प्लग कायमचा विसंबून राहिला असता. हेलिकॉइल, म्हणजे भोक मोठं करून त्यात बसवायची नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, घालायचं ठरवलं. हेड न काढता हे काम करताना जीव मुठीत असतो. पिस्टन खाली आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, उघडा ठेवून मोठ्या टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे कीस त्यातच रुततो. पाव फेरा पुढे, तेवढाच मागे. दर दोन फेऱ्यांना टॅप बाहेर काढून पुसायचा आणि पुन्हा ग्रीस भरायचं. शेवटी बारीक नळीने हवा सोडली, तेव्हा उरलासुरला कीस एक्झॉस्टमधून गेला. कॅमेऱ्याने पिस्टनचं डोकं दोनदा तपासलं. या कामाला तीन तास लागले. इम्पॅक्ट गनने, म्हणजे झटक्यांनी आवळणाऱ्या यांत्रिक पान्याने, ते बिघडायला चार सेकंद पुरली असतील.

काका त्या सोमवारी स्टुलावर बसून टॉर्च धरत होते. नवा प्लग मी त्यांच्याच रबरी नळीने सोडला. तो शेवटपर्यंत हलका फिरत गेला. २५ ला टॉर्क पाना टक वाजला तेव्हा त्यांनी मान हलवली. नंतर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं, १७० ते १७६ पीएसआयमध्ये बसलं. गाडी गॅसवर टाकून उपवन तलावाच्या बाजूने एक फेरी मारली. एकही झटका नाही.

मजुरी मी घेतली नाही. काकांनी हट्ट केला नाही, आणि मला ते बरं वाटलं. पैसे घेऊन तो दिवस मिटला नसता.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी गॅरेजमध्ये अकरा गाड्या होत्या. सगळ्यांना गावी जायच्या आधी हव्या होत्या. गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून घड्याळ बघतं, आणि पोराच्या हातात गन येते. ती मीच विकत घेतलेली. लोक म्हणतात, आजकालच्या पोरांना कळकळ नाही. मला ते पटत नाही. सहा महिने फक्त हाताने प्लग लावायला मी कोणाला शिकवलं? मला माझ्या उस्तादाने शिकवलं होतं. पान्याला हात लावला की तो बोटांवर मारायचा.

रात्री मी नोंदवही काढली. तारीख, गाडी नंबर, रक्कम, किलोमीटर, सगळं आहे. काम कोणी केलं, ते नाही. त्या दिवशी आम्ही पाच जण होतो. एकाने आता कळव्यात स्वतःचं गॅरेज टाकलंय, दोघं गावी गेले, एक अजून माझ्याकडे आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "उस्ताद, ती निळी गाडी ना? शेवटचे दोन प्लग तुम्हीच लावले होते, मी टायर करत होतो."

काकांना मी एवढंच सांगितलं होतं, की काम आमच्याकडचंच आहे. उद्या त्यांच्याकडे जाऊन पुढचंही सांगायचं आहे.