गोरं, उंच बाळ निवडून घ्यायचं?

आज मावसबहिणीसोबत रत्नागिरीत आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) डॉक्टरांकडे गेले होते. ती आणि नवरा दोघंही थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक, म्हणजे प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के. थोरल्याला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. टोचून टोचून त्याच्या हाताला आता शीर पटकन सापडत नाही. म्हणून पाच दिवसांच्या गर्भाच्या काही पेशी तपासून निरोगी गर्भ निवडणं मला मनापासून पटतं.

पण येताना एसटीत तिच्या सासूबाईंनी विचारलं, "मग गोरा, उंच, हुशार असा बघून घेता येईल काय गो?"

नाही! २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार ही तपासणी फक्त आनुवंशिक आजारांसाठीच करता येते. उंची-बुद्धी तर असंख्य जनुकांवर आणि खाण्यापिण्यावर, शाळेवरही ठरते. गर्भजल परीक्षा आली होती व्यंग शोधायला. आपण ती वापरून पोटातल्या मुली शोधल्या. म्हणून तर १९८८ मध्ये महाराष्ट्राला देशात सर्वांत आधी गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करावा लागला. गोऱ्या सुनेचा हट्ट धरणाऱ्या घरांत हे पोचलं तर काय होईल, याची खरंच भीती वाटते.

आणि हो, लग्न ठरत असेल तर दोघांचीही थॅलेसेमियाची रक्ततपासणी आधी करून घ्या.