मंडळाचा जूनचा मेळावा

आमच्या निसर्ग मंडळाचा वार्षिक मेळावा जूनच्या पहिल्या आठवड्यात भरत असे, कारण १९७२ साली स्टॉकहोमची पर्यावरण परिषद ५ जूनला सुरू झाली होती. सभागृहात शिरताच मार्था नावाच्या कबुतराचे चित्र दिसे. प्रवासी कबुतरांच्या जातीतली ही शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. त्याआधीच्या शतकात याच पक्ष्यांचे थवे आकाश झाकून टाकत. मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ ताई दरवर्षी त्या चित्रापुढे उभ्या राहून ती तारीख मोठ्याने उच्चारत आणि मगच कार्यक्रम सुरू होई.

लहान मुलांची गर्दी मात्र अंगणातल्या सौर पॅनेलभोवती असे. त्याला एक छोटा पंखा जोडलेला होता. एका वर्षी एका मुलीने पॅनेलच्या कोपऱ्यावर तळहात ठेवला आणि पंखा जवळजवळ थांबला. एवढाच कोपरा झाकला तर सगळी वीज कुठे गेली, असे तिने विचारले. पॅनेलमधले घट एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, त्यामुळे एकावर सावली पडली की पूर्ण ओळीचा प्रवाह अडतो, हे ताईंनी तिला समजावून सांगितले. पुढे कितीतरी वेळ ती हात ठेवत होती, काढत होती, आणि पंख्याकडे टक लावून पाहत होती.

माझ्या मनात सर्वांत जास्त घर करून राहिला तो पवनचक्क्यांच्या वादाचा मेळावा. कोळशाचा धूर थांबवायचा तर पवनचक्क्या हव्यातच, असे निम्मी सभा म्हणत होती. उरलेल्यांना पक्ष्यांची काळजी होती. माळढोकासारख्या जड पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे उडताना समोरची विजेची तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि दिसली तरी चटकन वळणे त्याला जमत नाही, हे एका शिक्षकांनी हात पसरून दाखवले, तेव्हा सभेत शांतता पसरली. मग ताईंनी नॉर्वेतल्या स्मोला बेटाची हकिकत सांगितली. तिथे चार पवनचक्क्यांच्या तीन पात्यांपैकी एकेक पाते काळे रंगवले गेले, आणि त्या चक्क्यांपाशी होणारे पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. चक्क्या चारच होत्या, त्यामुळे निष्कर्ष जपून काढावा, असेही त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हा काटेकोरपणा मला आजही फार मोलाचा वाटतो.

चक्की हवी की नको, हा प्रश्न त्या दिवशी मागे पडला आणि ती कुठे उभारावी, यावर बोलणे सुरू झाले. आधी छतांवर पॅनेल बसवावेत, कागदोपत्री ‘पडीक’ ठरवलेली माळराने सर्वांत शेवटी विचारात घ्यावीत आणि जिथे पक्ष्यांची ये-जा आहे तिथल्या तारा जमिनीखालून न्याव्यात, असे निवेदन तिथेच लिहिले गेले. माळरानाला पडीक म्हणणे मला तेव्हाही सहन होत नव्हते. पुढच्या मेळाव्यात मार्थाशेजारी एक मोठा नकाशा लागला. त्यावर पक्ष्यांचे मार्ग लाल रेघांनी दाखवलेले होते, आणि खाली दोऱ्याने एक पेन्सिल बांधलेली होती, म्हणजे कुणालाही आपल्याला दिसलेला थवा त्यात भरता यावा.