गोळी तीच, कंपनी वेगळी

गेल्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारातल्या एका फार्मसीत मी नेहमीची थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली मागितली, तेव्हा ती शिल्लक नव्हती. पावसामुळे माल पोहोचला नव्हता. काउंटरमागच्या मुलाने दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या पुढे ठेवल्या आणि म्हणाला, "बाय, औषध तेच आहे, कंपनी तेवढी वेगळी." वेष्टनावर औषधाचे लेव्होथायरॉक्सिन हेच नाव होते, ७५ मायक्रोग्रॅम हेच प्रमाण होते आणि मुदतही बरीच बाकी होती. मला हाशिमोटो प्रकारचा थायरॉईडचा आजार (यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईड ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथीचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, कमी पडते) असल्याचे निदान होऊन अकरा वर्षे झाली आहेत आणि या काळात मी गोळी सहसा चुकवलेली नाही. ती चुकू नये म्हणून मी त्या दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या घेऊन घरी आले.

साधारण तीन आठवड्यांनी रात्री दोन-अडीचच्या सुमारास जाग येऊ लागली. जाग आली की छातीत धडधड जाणवायची, तळहात ओलसर लागायचे आणि पुन्हा झोप येत नसे. एके दिवशी पहाटे साडेपाच वाजता, अंथरुणातून उठण्यापूर्वीच, मी मनगटावर दोन बोटे ठेवून घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. ती ९६ भरली. एरवी त्या वेळी माझी नाडी ७० ते ७४ च्या दरम्यान असते. वर्गात फळ्यावर लिहिताना अक्षर किंचित थरथरते आहे, हेही त्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आले. मी लगेच निष्कर्ष काढला की हे सगळे नव्या कंपनीच्या गोळीमुळे होत आहे. जुलैच्या अखेरीस नेहमीच्या कंपनीची बाटली मिळाली, तेव्हा मी पुन्हा तिच्यावर आले आणि आता आठवड्याभरात बरे वाटेल, अशी वाट पाहू लागले.

बरे वाटले नाही. ऑगस्ट गेला, चतुर्थी झाली, पाहुणे येऊन गेले, आणि धडधड तशीच राहिली. सप्टेंबरच्या मध्याला रक्त तपासले, तेव्हा टीएसएच कमी, ०.२४ आले. टीएसएच हे थायरॉईडला कामाला लावणारे मेंदूकडचे संप्रेरक; थायरॉईडचे संप्रेरक जास्त झाले की ते उतरते आणि कमी पडले की चढते. म्हणजे शरीरात थायरॉईडचे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त होते. जुनी गोळी सुरू करून तोवर सात आठवडे झाले होते. लेव्होथायरॉक्सिनचा अर्धायुकाल सुमारे ७ दिवसांचा असतो, म्हणजे शरीरात साठलेले औषध निम्मे व्हायलाच आठवडा लागतो. त्यामुळे मात्रेत किंवा कंपनीत केलेल्या बदलाचा पूर्ण परिणाम रक्तात दिसायला सहा आठवडे जाऊ द्यावे लागतात. ते सहा आठवडे उलटून गेल्यावरही आकडा खाली असेल, तर दोन महिन्यांपूर्वी सोडलेल्या गोळीला दोष देता येत नाही.

म्हापशाच्या माझ्या डॉक्टरांनी आधी ईसीजी काढून घेतला. तो व्यवस्थित आला. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "जूनपासून गोळीखेरीज तुमचे आणखी काय काय बदलले?" मी म्हटले, काहीच नाही. त्यांनी घरी जाऊन तपासण्यांची वही काढून बघायला सांगितले.

त्या वहीत उत्तर होते. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, पाळी थांबल्यानंतर हाडांसाठी म्हणून, मला कॅल्शियमची गोळी सुरू झाली होती. ती मी सकाळच्या न्याहारीबरोबर, साडेसात वाजता घेत असे. थायरॉईडची गोळी साडेपाचला, म्हणजे मध्ये जेमतेम दोन तास. त्यानंतरच्या तपासणीत टीएसएच ६.८ आले होते आणि त्या वेळी माझी मात्रा ६२.५ वरून ७५ मायक्रोग्रॅम केली गेली होती. पुढे यंदा जूनच्या शेवटी, हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगितले आणि मी तसे सुरू केले. हा बदल मला इतका किरकोळ वाटला की तो कुणाला सांगावा, असे मनातही आले नाही. कॅल्शियम आतड्यात लेव्होथायरॉक्सिनला धरून ठेवते आणि त्याचे शोषण कमी करते, म्हणून या दोन गोळ्यांमध्ये निदान चार तासांचे अंतर असावे लागते. माझी वाढवलेली मात्रा ही खरे तर कॅल्शियमने अडवलेला वाटा भरून काढण्यासाठी होती. कॅल्शियम रात्रीवर गेले आणि अडवणारे कुणी राहिले नाही, तेव्हा तीच मात्रा मला जास्त होऊ लागली. आणि संप्रेरकाचे प्रमाण दीर्घकाळ जास्त राहिले तर पाळी थांबलेल्या स्त्रियांची हाडे झिजतात, म्हणजे ज्या हाडांसाठी मी कॅल्शियम घेत होते, त्यांचेच नुकसान होत राहिले असते.

मात्रा परत ६२.५ वर आणली. सात आठवड्यांनी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, टीएसएच २.३ आले आणि पहाटेची नाडी ७२ वर स्थिरावली. दुसऱ्या कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण तिच्या गोळीत काही दोष होता, असे माझ्या अनुभवातून सिद्ध झालेले नाही. कंपनी आणि कॅल्शियमची वेळ हे दोन्ही एकाच पंधरवड्यात बदलल्यामुळे मी चुकीच्या जागी बोट ठेवले आणि दोन महिने वाया घालवले. छातीत धडधड सुरू झाली त्याच आठवड्यात मी डॉक्टरांकडे जायला हवे होते.

तरीही कंपनी बदलल्याने काही फरक पडतच नाही, असे म्हणणे बरोबर होणार नाही. ७५ मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमचाही तेरावा-चौदावा भाग. गोळीचे बाकीचे वजन भरण द्रव्यांचे असते. लॅक्टोज, मक्याचा स्टार्च, मॅग्नेशियम स्टिअरेट, रंग ही द्रव्ये प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकतात आणि गोळी पोटात किती लवकर विरघळते, हे बऱ्याच अंशी त्यांच्यावर अवलंबून असते. शिवाय हे औषध असे आहे की योग्य मात्रा आणि जास्त मात्रा यांच्यात फार थोडे अंतर असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये या गोळ्यांसाठी नियम कडक केले. पूर्वी वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणाच्या ९० ते ११० टक्के औषध चालत असे, त्याऐवजी मुदत संपेपर्यंत ९५ ते १०५ टक्के असणे बंधनकारक झाले.

फ्रान्समध्ये २०१७ साली लेव्होथायरॉक्स या गोळीतील लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल घातले गेले. औषध अधिक टिकाऊ व्हावे, हा हेतू होता. पण हजारो रुग्णांनी थकवा, चक्कर, केस गळणे अशा तक्रारी केल्या आणि शेवटी त्याच वर्षी जुन्या घटकांची गोळी आयात करून पुन्हा उपलब्ध करून द्यावी लागली. त्याआधी न्यूझीलंडमध्ये याच औषधाच्या एल्ट्रॉक्सिन या गोळीची भरण द्रव्ये आणि उत्पादनाचे ठिकाण बदलल्यावर असेच झाले होते. मूळ औषध तेच असताना तक्रारी एकाएकी वाढल्या, आणि ज्या भागांत वृत्तवाहिन्यांवर ही बातमी अधिक दाखवली गेली तिथून त्या अधिक आल्या, असे नंतर अभ्यासकांना दिसले. यावरून त्या रुग्णांचा त्रास खोटा होता, असे मी म्हणणार नाही. धडधड कशामुळेही झाली तरी ती सोसणाऱ्याला खरीच असते. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एका कंपनीच्या जेनेरिक गोळीवरून दुसरीच्या गोळीवर गेलेल्या बहुसंख्य रुग्णांच्या टीएसएचमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. या सगळ्यातून माझे मत असे झाले आहे की शक्यतो एकाच कंपनीची गोळी घ्यावी, बदलावी लागली तर घाबरू नये, पण बदलल्याची तारीख लिहून ठेवावी आणि सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून घ्यावे. थायरोनॉर्म असो, एल्ट्रॉक्सिन असो की जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी असो, हे सर्वांनाच लागू आहे.

गोव्यात राहणाऱ्यांनी कंपनीपेक्षाही अधिक काळजी ओलाव्याची घ्यावी, असे मला सासूबाईंच्या बाबतीत प्रकर्षाने जाणवले. लेव्होथायरॉक्सिन उष्णता, प्रकाश आणि दमट हवा यांनी खराब होते. जून ते सप्टेंबर आमच्या घरात मीठ पाझरते, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते. सासूबाईंनी सोय म्हणून महिनाभराच्या गोळ्या मूळ बाटलीतून काढून एका पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत भरल्या होत्या. ती डबी स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या फळीवर, खिडकीशेजारी असे. पावसाळा संपताना त्यांचे टीएसएच ९ च्या वर गेले. उन्हाळ्यात ते ३ होते. मी डबी उघडून पाहिली तर तळाशी पांढरी पूड बसली होती, आणि एक गोळी चिमटीत धरताच तिची कड सुटून बोटाला चिकटली. डॉक्टरांनी मात्रा वाढवली नाही. नवी बाटली घ्या, ती झोपण्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवा आणि दोन महिन्यांनी या, एवढेच सांगितले. तसे केल्यावर आकडा ३.४ वर आला. तेव्हापासून गोळ्या मूळ बाटलीतच राहतात, बूच लगेच घट्ट लावले जाते आणि ओला हात बाटलीत जात नाही.

गोळी घेण्याच्या वेळेबद्दल थोडे सांगते, कारण बहुतेक घरांत चूक इथेच होते. गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास, जमल्यास एक तास, काही खायचे-प्यायचे नाही. चहाचा पहिला घोट ज्यांना उठताक्षणी लागतो त्यांना हे जड जाते, पण कॉफीने शोषण कमी होते, हे अभ्यासांत दिसले आहे आणि दुधाचा चहाही त्या तासात टाळलेला बरा. सासूबाईंना घड्याळ बघायला लावण्याऐवजी मी एक खूण ठरवून दिली. गोळी साडेपाचला घ्यायची आणि वाड्यावर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की चहा ठेवायचा. आमच्याकडे पोदेर साडेसहाला येतो आणि सहसा चुकत नाही. लोहाच्या गोळ्या, आम्लपित्ताची पातळ औषधे आणि कॅल्शियम यांना चार तासांचे अंतर. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, म्हणून आंबीलही मी दहाच्या सुमारासच घेते. सकाळ ज्यांना जमतच नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर तीन-चार तासांनी, गोळी घेतली तरी चालते. महत्त्वाचे हे की जी वेळ ठरेल ती रोज तीच राहावी.

माझ्या जावेला वेगळाच अनुभव आला. केस गळतात म्हणून तिने बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. तिचा अहवाल आला तो टीएसएच फार कमी आणि फ्री टी-४, म्हणजे रक्तातले थायरॉईडचे संप्रेरक, फार जास्त असा, आणि तिला स्वतःला मात्र कसलाही त्रास नव्हता. बायोटिनची मोठी मात्रा रक्ताच्या काही तपासण्यांच्या पद्धतीतच अडथळा आणते आणि आकडे खोटे दाखवते. निदान दोन दिवस ते बंद ठेवून पुन्हा रक्त दिले, तेव्हा अहवाल व्यवस्थित आला. त्या पहिल्या कागदावर विश्वास ठेवून तिने मात्रा कमी केली असती तर खरा त्रास तिथून सुरू झाला असता. केस गळणे हे थायरॉईडच्या कमतरतेचेही लक्षण आहे आणि उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांतही ते तात्पुरते होते, त्यामुळे त्यासाठी स्वतःच्या मनाने दुसरे काही सुरू करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

या गोळीचे ज्यांना आपण दुष्परिणाम म्हणतो ते बहुतेक वेळा मात्रा कमी किंवा जास्त झाल्याची लक्षणे असतात. शरीर जे संप्रेरक स्वतः बनवते तेच गोळीतून दिले जाते. धडधड, हात थरथरणे, घाम, जुलाब, चिडचिड, वजन उतरणे हे जास्त झाल्याचे. थंडी वाजणे, बद्धकोष्ठ, सुस्ती, कोरडी त्वचा, आवाज जड होणे हे कमी पडल्याचे. एखाद्या रंगाची किंवा लॅक्टोजची खरी ॲलर्जी अथवा असह्यता असते, पण ती क्वचित. अंगावर गांधी उठल्या, किंवा गोळी बदलल्यापासून पोट सतत बिघडू लागले, तर वेष्टन घेऊनच डॉक्टरांकडे जावे. छातीत दुखले, नाडी अनियमित लागली किंवा दम लागू लागला तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जावे, विशेषतः साठीच्या पुढच्या माणसांनी, कारण संप्रेरक जास्त झाले की हृदयाचा ठोका अनियमित होण्याचा धोका त्यांना अधिक असतो. आणि कितीही वाटले तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

रक्त देतानाही मी आता एकच पद्धत पाळते. टीएसएच दिवसभरात वरखाली होते, पहाटे जास्त आणि दुपारी कमी, म्हणून दर वेळी त्याच प्रयोगशाळेत सकाळी साडेसातला जाते आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घेते. वहीत एका ओळीत तारीख, मात्रा, कंपनी, बॅच क्रमांक आणि टीएसएच लिहिते, आणि खाली त्या काळात सुरू किंवा बंद झालेले प्रत्येक औषध, मग ते साधे आम्लपित्ताचे का असेना. फार्मसीत बाटली संपण्याच्या पंधरा दिवस आधीच सांगून ठेवते. त्या मुलाने माझे नाव आता एका चिठ्ठीवर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला लावले आहे, आणि मागच्या शनिवारी बाटली हातात देताना त्याने आपण होऊन सांगितले, "बाय, कंपनी तीच आहे, मात्रा मात्र या वेळी ६२.५ ची. एकदा बघून घ्या."