नंबर प्लेटवरचा दिवा आणि एमओटी

इंग्लंडमध्ये आल्यावर आम्ही घेतलेली जुनी गाडी आमच्या हातातल्या पहिल्याच एमओटीत, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे की नाही हे पाहणाऱ्या इथल्या सक्तीच्या तपासणीत, नापास झाली आणि कारण काय, तर मागच्या नंबर प्लेटवर उजेड पाडणारे दोन्ही दिवे गेलेले होते. मला याचे जास्त वाईट वाटले, कारण तपासणीच्या आधीच्याच आठवड्यात एका गॅरेजने ‘एमओटीपूर्व सर्व्हिस’ या नावाखाली आमच्याकडून २८० पौंड घेतले होते. ऑइल, एअर फिल्टर, केबिन फिल्टर आणि वायपर असे सारे त्यांनी बदलले होते, आणि सोबत दिलेल्या छापील यादीत प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण होती. दिव्यांपुढच्या चौकटीतही होती.

आपल्याकडे गाडीवाल्याचा संबंध येतो तो पीयूसीशी; पाच मिनिटांत नळी लावून कागद हातात मिळतो. एमओटी हे प्रकरण त्याहून बरेच मोठे आहे. ही तपासणी १९६० साली सुरू झाली आणि तेव्हाच्या मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टची आद्याक्षरे तिला कायमची चिकटली. ते खाते त्या नावाने आता उरलेले नाही, पण तपासणीचे नाव मात्र तेच राहिले. सुरुवातीला ती दहा वर्षे जुन्या गाड्यांसाठी होती, १९६७पासून ती तीन वर्षे झालेल्या गाडीला लागू झाली, आणि त्यानंतर दर वर्षी करावी लागते. एमओटीशिवाय गाडी चालवली तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वैध एमओटी नसेल तर रोड टॅक्सही भरता येत नाही. अशा गाडीने रस्त्यावर यायचे तर आधी वेळ ठरवलेल्या तपासणीला किंवा दुरुस्तीला जाण्यापुरतेच यायचे.

नापास झालेल्या त्या दिवशी रात्री मी एक गोष्ट केली, जी खरे तर आधी करायला हवी होती. टेस्टर ज्या नियमपुस्तिकेनुसार गाडी तपासतो, ती सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. ती मी चहाचा कप घेऊन वाचून काढली. भाषा रुक्ष असली तरी ती अत्यंत नेमकी आहे. कोणता भाग कसा पाहायचा, किती झिजला तर नापास करायचे आणि किती झिजला तर नुसता शेरा द्यायचा, हे सारे तिच्यात लिहिलेले आहे. नंबर प्लेटवरच्या दोन दिव्यांपैकी एक बंद असेल तर तो किरकोळ दोष धरून गाडी पास होते आणि दोन्ही बंद असतील तर नापास होते, हे मला तिथेच कळले. शिवाय टेस्टरने काय तपासायचे नाही हेही कळले: इंजिनाची सामान्य अवस्था, क्लच आणि गिअरबॉक्स यांचा या तपासणीशी संबंध नाही. म्हणजे माझ्या २८० पौंडांपैकी वायपर सोडले तर जवळजवळ काहीच एमओटीसाठी लागणारे नव्हते. गाडीला सर्व्हिसिंग लागतेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘एमओटीसाठी हे करावेच लागेल’ असे सांगून ते विकले जाते, तेव्हा ती पुस्तिका वाचलेला माणूस निदान एक प्रश्न तरी विचारू शकतो.

तेव्हापासून दर वर्षी मी तयारीची सुरुवात गाडीपासून न करता तिच्या इतिहासापासून करते. नोंदणी क्रमांक टाकला की कोणत्याही गाडीच्या २००५पासूनच्या एमओटींचे निकाल सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात, आणि त्यात निकालाबरोबर टेस्टरने दिलेल्या अ‍ॅडव्हायजरी, म्हणजे ‘आज पास, पण यावर लक्ष ठेवा’ अशा सूचनाही असतात. २०१८च्या मे महिन्यापासून दोषांचे डेंजरस, मेजर आणि मायनर असे वर्ग झाले. पहिल्या दोन वर्गांतला दोष निघाला की गाडी नापास, तिसऱ्यातला निघाला तर पास. गेल्या वर्षीच्या अ‍ॅडव्हायजरी हीच या वर्षीची खरी कामाची यादी असते. त्या वाचताना पहिल्या वर्षी माझी एक फजिती झाली. ‘ऑफसाइड फ्रंट’ असे लिहिलेले पाहून मला फुटबॉलच आठवला. पदपथाकडची डावी बाजू ती नियरसाइड आणि चालकाकडची उजवी ती ऑफसाइड, हा इथल्या गॅरेजांतला रोजचा शब्दप्रयोग मला शेजारच्या आजोबांनी समजावून सांगितला.

दिव्यांची तपासणी एकट्याने करता येत नाही, असे वाटते. पण करता येते. संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी केली की ब्रेक लाइट भिंतीवर लाल उमटतात. तरीही मी माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला चालकाच्या खुर्चीवर बसवते, कारण त्याला ते काम फार आवडते. मी मागे उभी राहून ओरडते, ‘‘दाब!’’ आणि तो विचारतो, ‘‘आई, आता सोडू का?’’ दोन मुख्य ब्रेक लाइट, काचेवरचा तिसरा, इंडिकेटर, धुक्यासाठीचा मागचा दिवा, आणि अर्थातच नंबर प्लेटवरचे ते दोन महाशय. ते इतके खाली वाकून पाहावे लागतात की तेवढे सोडून बाकीचे सारे पाहणारा माणूस मला नवल वाटण्यासारखा वाटत नाही. आमच्या गाडीत तो बल्ब बदलायला एक प्लॅस्टिकचे झाकण स्क्रूड्रायव्हरने हळूच उचकटावे लागते. बल्ब जेमतेम करंगळीच्या नखाएवढा असतो, आणि थंडीत बोटे बधिर झालेली असताना तो दोनदा रस्त्यावर पडतोच.

टायरच्या बाबतीत मात्र घाई करून चालत नाही. कायद्याने टायरच्या रुंदीच्या मधल्या तीन चतुर्थांश भागात, पूर्ण घेराभर, नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असायला हवी. ती याहून कमी असेल तर तो दोष डेंजरस वर्गात जातो, आणि रस्त्यात पोलिसांनी पकडले तर एका टायरमागे २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पेनल्टी पॉइंट्स. मोजायला वीस पेन्सचे नाणे पुरते. त्या नाण्याला कडेभोवती उंच पट्टी असते; नाणे नक्षीच्या खाचेत उभे घातल्यावर ती पट्टी दिसेनाशी झाली तर बहुधा ठीक, दिसत राहिली तर टायर दाखवून आणायचा. दोन वर्षांपूर्वी मी गुडघ्याखाली जुना टॉवेल घेऊन रिमझिम पावसात चारही टायरांत नाणे घालून पाहिले, सगळीकडे पट्टी बुडाली, आणि मी समाधानाने उठले. मग सहज स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवले, आणि पुढच्या डाव्या चाकाची एरवी न दिसणारी आतली बाजू समोर आली. तिथली नक्षी अंगठा फिरवला तर लागतही नव्हती. कडेचा रबर दगडी पाट्यासारखा गुळगुळीत झाला होता. चाकांचा कोन बिघडला की टायर असा एकाच कडेने झिजत जातो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. टायर बदलताना मी चाकांचा कोनही दुरुस्त करून घेतला, नाहीतर नवा टायरही त्याच वाटेने गेला असता.

समोरच्या काचेचा नियम मला पुस्तिकेतला सर्वांत मजेदार नियम वाटतो. स्टिअरिंगच्या मध्याच्या रेषेत, वायपर फिरतो तेवढ्या भागात, २९० मिलिमीटर रुंदीचा एक उभा पट्टा कल्पायचा. त्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठा तडा चालत नाही, आणि वायपरच्या उरलेल्या टप्प्यात ४० मिलिमीटरपर्यंत चालतो. खडी उडून पडलेला टवका तडा होऊन पसरण्याआधी भरून घेतला तर बहुतेक वेळा काच वाचते. चालकाच्या नजरेच्या आड येणाऱ्या वस्तूही दोष म्हणून धरल्या जातात, म्हणून आरशाला टांगलेली माळ मी त्या दिवसापुरती काढून ठेवते. डॅशबोर्डवरचा गणपती मात्र बोटभर उंचीचा आहे आणि त्याच्याबद्दल आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

बाकीची कामे पटकन होणारी असतात. काच धुण्याची टाकी भरून ठेवायची, कारण काच स्वच्छ होईल एवढे पाणी उडाले नाही तर गाडी नापास होऊ शकते. हॉर्न वाजवून पाहायचा, आणि सगळे सीट बेल्ट ओढून, झटका देऊन पाहायचे. किल्ली फिरवल्यावर उजळलेले इशाऱ्याचे दिवे इंजिन सुरू झाल्यावर विझतात की नाही, हेही बघायचे. एबीएस, एअरबॅग किंवा इंजिनाचा दिवा पेटलेला राहिला तर टेस्टरकडे जाण्यात अर्थ नाही, आणि २०१२पासूनच्या गाड्यांत टायरमधील हवेच्या दाबाचा दिवाही यात मोडतो. डिकी रिकामी करायची आणि गाडी धुवायची, कारण गाडी फार मळलेली असेल किंवा आत सामानाचा ढीग असेल तर टेस्टर तपासणीच नाकारू शकतो. गाडीखाली टॉर्च मारून गंजाकडे एक नजर टाकायची. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते ब्रेकच्या पाइपांना चिकटून राहते.

तारखेची एक युक्ती मला फार उशिरा कळली. मुदत संपण्याआधी एक महिना वजा एक दिवस इतक्या आधी तपासणी केली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते; मुदत २० ऑक्टोबरला संपत असेल तर २१ सप्टेंबरला केलेली तपासणीही पुढच्या २० ऑक्टोबरपर्यंत चालते. आधी जाण्याचा खरा फायदा असा की, गाडी नापास झाली तरी जुन्या प्रमाणपत्राची मुदत शिल्लक असते, आणि डेंजरस दोष नसेल तर ती घरी नेता येते. सप्टेंबर हा इथे गर्दीचा महिना असतो, कारण मार्च आणि सप्टेंबर या दोन महिन्यांत नोंदणी क्रमांकांची नवी मालिका सुरू होऊन पुष्कळ नव्या गाड्या रस्त्यावर येतात आणि त्यांच्या तपासण्याही त्याच सुमारास ओळीने लागतात.

तपासणीच्या शुल्कावर कारसाठी ५४.८५ पौंडांची सरकारी कमाल मर्यादा आहे. कित्येक गॅरेजे त्याहून कमी घेतात, पण त्या स्वस्तपणाचा हिशेब दुरुस्तीच्या बिलात चुकता होतो की काय, अशी शंका मला आल्याशिवाय राहत नाही. म्हणून मी आता आमच्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, केंद्रात जाते. ते मुळात त्यांच्या स्वतःच्या वाहनांसाठी आहे, पण जनतेलाही खुले आहे, आणि तिथे दुरुस्ती करतच नाहीत; त्यामुळे काही दोष सापडण्यात त्यांचा फायदाही नाही आणि तोटाही नाही. जाताना मी वीस मिनिटे लांबचा रस्ता घेते, म्हणजे धुराच्या चाचणीपर्यंत इंजिन चांगले तापलेले असते. तपासणी पाहता येईल अशी जागा प्रत्येक केंद्रात असावीच लागते. तिथल्या खिडकीतून मी रोलरवर फिरणारी मागची चाके आणि हँडब्रेक ओढताच थरथरून थांबणारी गाडी पाहत उभी राहते.

या वर्षी गाडी पास झाली, आणि नंबर प्लेटवरचे दोन्ही दिवे टेस्टरने दोन सेकंदांत पाहून सोडून दिले. एक अ‍ॅडव्हायजरी मात्र आहे: मागच्या नियरसाइडच्या ब्रेक पाइपवर किंचित गंज. तो पाइप रस्त्यांवर मीठ पडायच्या आत, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, घासून पाहायचा आणि लागला तर बदलायचा, असे मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे.