बस नसलेल्या आर्लिंग्टनमध्ये लायसन्स काढताना

टेक्सासच्या आर्लिंग्टनमध्ये शिकायला जायचं ठरलं, तेव्हा घरच्यांनी गुगलवर शहर शोधलं आणि फोटो पाहून सगळे खूश झाले. डॅलस काउबॉईज या अमेरिकन फुटबॉल संघाचं एटी अँड टी स्टेडियम, जवळच टेक्सास रेंजर्स या बेसबॉल संघाचं सरकत्या छपराचं ग्लोब लाइफ फील्ड, आणि १९६१ पासूनचं सिक्स फ्लॅग्ज हे मनोरंजन पार्क. एवढ्या मोठ्या शहरात बस असणारच, हे आम्ही धरून चाललो होतो.

चार लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या शहरात ठरलेल्या मार्गावर धावणारी सिटी बस नाही. सार्वजनिक वाहतुकीसाठी कर लावायचा का, असं १९८०, १९८५ आणि २००२ साली मतदारांना विचारलं गेलं. तिन्ही वेळा उत्तर नाही असंच आलं. २००४ साली मात्र काउबॉईजच्या स्टेडियमसाठी अर्धा टक्का विक्रीकर याच शहराने मंजूर केला. आपला पैसा कुठे घालायचा हे तिथल्या लोकांनीच ठरवावं, याबद्दल वाद नाही. पण गाडी नसलेल्या माणसाचे किती हाल होतात, ते मी सहा महिने भोगलं आहे. अ‍ॅपवरून बोलवायची व्हॅन आहे, माझ्या वेळी ती तीन ते पाच डॉलरांत शहरात न्यायची. रविवारी मात्र बंद, आणि रात्री नऊनंतर नाही.

२७ ऑक्टोबर २०२३, शुक्रवार. ग्लोब लाइफ फील्डवर वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना होता आणि मी संध्याकाळी दुकानातून दूध, तांदूळ, कांदे घेऊन बाहेर पडले. रस्ते गाड्यांनी तुंबलेले. व्हॅनची वेळ पुढे पुढेच सरकत होती. शेवटी चालत निघाले. मध्येच फूटपाथ संपायचा आणि गवतातून चालावं लागायचं. चार लिटरच्या दुधाच्या कॅनची कड बोटांत रुतत होती, दर पाच मिनिटांनी हात बदलत होते. रेंजर्स त्या रात्री अकराव्या इनिंगमध्ये जिंकले, पुढे सिरीजही जिंकली. मी घरी पोचून पहिल्यांदा लायसन्सची माहिती उघडली.

मी सांगलीची, स्कूटीशिवाय काही चालवलेलं नव्हतं. वय तेवीस, म्हणून आधी सहा तासांचा कोर्स ऑनलाइन केला. मग कागद: पासपोर्ट, व्हिसा, आय-ट्वेंटी (कॉलेजने दिलेला प्रवेशाचा कागद), आय-नाइंटी-फोर (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद), सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक), आणि टेक्सासमध्ये राहत असल्याचे दोन पुरावे. इथेच माझी पहिली फेरी वाया गेली. माझ्याकडे घराचा भाडेकरार होता, पण विजेचं बिल रूममेटच्या नावावर. माझ्या नावाचं, घरच्या पत्त्यावर आलेलं बँक स्टेटमेंट मिळवून पुन्हा अपॉइंटमेंट घेईपर्यंत तीन आठवडे गेले. लेखी परीक्षेत तीस प्रश्न, सत्तर टक्क्यांना पास. हँडबुक दोनदा नीट वाचलं की जमतं.

खरा कस लागतो तो रोड टेस्टला. परीक्षेला गाडी आपलीच न्यावी लागते, विम्याचे आणि रजिस्ट्रेशनचे कागद दाखवावे लागतात, आणि लर्नर असेपर्यंत शेजारी लायसन्सवाला मोठा माणूस हवा. आमच्या विभागातला नागपूरचा एक सीनियर, त्याला मी दादाच म्हणते, रविवारी सकाळी अपार्टमेंटच्या मोकळ्या पार्किंगमध्ये मला शिकवायचा. परीक्षेतल्या पार्किंगच्या खांबांच्या जागी कपड्यांच्या दोन बास्केट ठेवायच्या आणि मध्ये गाडी रिव्हर्सने घालायची. एक बास्केट तर चाकाखाली पार चेपली. चौकात चारही बाजूंना स्टॉपची पाटी असेल तर जो आधी थांबला तो आधी निघणार, ही शिस्त अंगवळणी पडायला मला वेळ लागला. थांबायचं म्हणजे चाक पूर्ण थांबलं पाहिजे, नुसता वेग कमी करून चालत नाही.

पहिल्या टेस्टला मी पार्किंगमध्येच मागच्या खांबाला धडकले. परतताना रडू आवरत नव्हतं. दादा एवढंच म्हणाला, "तू मान वळवून मागे बघितलंच नाहीस. सगळा वेळ आरशात बघत होतीस." त्याचं बरोबर होतं. पुढचे तीन रविवार मी फक्त मान वळवून गाडी मागे घेतली, बाकी काही नाही. दुसऱ्या टेस्टला, फेब्रुवारीत, पास झाले. तिथे हातात एक कागद देतात, कार्ड नंतर पोस्टाने येतं. त्यावर 'लिमिटेड टर्म' असं छापलेलं असतं, कारण आपल्या मुक्कामाची मुदत जेवढी, तेवढीच लायसन्सची.

दादाने कॉलेज संपवून जाताना त्याची जुनी कोरोला मला विकली. पहिल्याच रविवारी एकटी जवळच्या अर्व्हिंग शहरातल्या एकता मंदिरात गेले. आईला तिथून फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "आता परत कोण सोडणार गं तुला?"

ऑगस्टमध्ये येणाऱ्या मुलामुलींनो, भाडेकरारावर तुमचं नाव असू दे, आणि बँकेचं खातं पहिल्याच आठवड्यात उघडून स्टेटमेंट कागदावर मागवा. अपॉइंटमेंट लांबची मिळाली तरी घेऊन ठेवा. गाडी चालवायचा सराव करायचा असेल तर रविवारी मी मोकळी असते, कोरोला आहे, आणि बास्केटही नवीन आणल्या आहेत.