खताचा खड्डा आणि करातली सवलत

पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजलसंचय यांपैकी एखादा प्रकल्प चालू असेल तर महापालिका मालमत्ता करात 5 टक्के सवलत देते, दोन असतील तर 10 टक्के. योजना चांगलीच आहे. पण कितीतरी सोसायट्यांच्या मागच्या बाजूला गांडूळखताच्या खड्ड्यात फुटक्या कुंड्या, उरलेल्या फरश्या आणि रंगाचे रिकामे डबे पडलेले असतात. सवलत मात्र चालूच. तीच मंडळी नगरसेवकाला जाब विचारतात, कचऱ्याची गाडी एक दिवस चुकली की तक्रार करतात. वापरात नसलेल्या खड्ड्यावर सवलत घेणं ही करचुकवेगिरी आहे, आणि ती सभासदांच्या डोळ्यांदेखत होते.

इथे न जिरलेला ओला कचरा जातो कुठे? वर्षानुवर्षं तो पुण्याच्या कचरा डेपोत, म्हणजे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी मारला गेला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. ओला कचरा ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन तयार होतो, आणि डेपोला आग लागते त्यामागे तोही असतो.

खड्डे बंद पडतात त्याची कारणं साधी आहेत. पहिलं म्हणजे कॅरीबॅग. ओला कचरा पिशवीसकट टाकला की आत हवा जात नाही, वास सुटतो, आणि पिशव्या फोडायचं काम सफाई कामगाराच्या हाती येतं, बहुतेक वेळा हातमोज्यांशिवाय. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राची घडी घातली तर पिशवी लागतच नाही.

दुसरं, गांडुळांची घाई. ताजा कचरा कुजताना तापतो आणि त्या उष्णतेत गांडुळं मरतात. म्हणून कचरा आधी दोनेक आठवडे वेगळ्या कप्प्यात अर्धवट कुजू द्यायचा, मग गांडुळांकडे न्यायचा. एकच खड्डा असेल तर हे जमत नाही. किमान तीन-चार कप्पे हवेत. एक भरायचा, बाकीचे मुरू द्यायचे. लोणच्याचा खार, उरलेली तेलकट भाजी, लिंबाच्या सालींचा ढीग गांडुळांना सोसत नाही. नारळाची करवंटी आणि हाडं वर्षभर तशीच राहतात, ती बाजूला काढायची.

तिसरं कारण ओल, आणि सर्वात जास्त खड्डे याच कारणाने बंद होतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात पाणी फार: कलिंगडाची सालं, चहाचा चोथा, खरकटं. प्रत्येक थरावर निदान तेवढाच, शक्यतो दुप्पट, सुका पाला पडायला हवा (वजनाने नव्हे, आकारमानाने). मूठभर मिश्रण घट्ट पिळून पाहा. एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाला कमी पडलाय. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही. त्यावर फिनेल ओतू नका, त्याने कुजवणारे जिवाणूच मरतात. खोऱ्याने वरखाली करायचं आणि पाला मिसळायचा. जाड, मातकट रंगाच्या अळ्या दिसल्या की सभासद घाबरतात, पण त्या कचरा खाऊन संपवतात, त्रास देत नाहीत. मिश्रण थोडं कोरडं केलं की कमीही होतात. सगळं नीट चाललं तर साधारण दोन महिन्यांत मातीचा वास येऊ लागतो.

हे काम कुणाच्या तरी पगारात धरलेलं हवं. झाडलोट, जिने, पाण्याची मोटर सांभाळणाऱ्याच्याच गळ्यात 'खड्ड्याकडेही बघ' असं मारलं की प्रकल्प सहा महिने टिकत नाही. मोजे, गमबूट, खोरं आणि महिन्याचा ठरावीक मोबदला यांचा ठराव सर्वसाधारण सभेत व्हावा.

खड्डा चालवायचाच नसेल तर समितीने महापालिकेला तसं लेखी कळवून सवलत बंद करून घ्यावी. चालवायचा असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये गळणारा पाला जाळणं आधी थांबवा. तो पोत्यांत भरून छपराखाली ठेवा; पावसाळ्यात कोरडं काहीच मिळत नाही, तेव्हा तोच लागतो.